अंगणाचा कोबा

आमच्या चांदवडकडं अंगण म्हणजे घराची पुढची खोलीच. कांदा निवडायचा तिथं, बाजरी उपणायची तिथं, उन्हाळ्यात खाटा टाकायच्या तिथं, लग्नाचा मांडवही तिथंच. आणि हे अंगण राखायचं कोणी, तर बायांनी. दर आठ दिवसांनी शेण-माती कालवून हातानं सारवायचं. 1986च्या नोव्हेंबरात शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं, गावोगावच्या बाया लोटल्या. आमची मंडळीही गेली, पण पहाटे उठून अंगण सारवून मग.

मागल्या आषाढात त्याच अंगणात तिचा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं तरी मूठ पुरती आवळत नाही. पोरगा म्हणाला, "नाना, पेव्हर ब्लॉक टाकू." मला ते पटेना. सांध्यात गवत येतं, मुंग्या माती काढतात, कांदा ओढताना फावडं अडकतं. म्हटलं, कोबा करू आणि घरच्या घरी करू. आम्ही दोघं बापलेक आणि एक ओळखीचा मिस्त्री.

पौषात कांद्याची लागण उरकली अन् काम धरलं. जागा वीस बाय पंधरा फूट. आधी वीतभर काळी माती काढून बांधावर टाकली. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर ओतलेला कोबा तिच्यासारखाच उलतो. खाली मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केलं. पाण्याच्या नळीनं लेव्हल काढली आणि दर पाच फुटांना इंचभर उतार कडुनिंबाकडं दिला. झाडाभोवती चार फुटांचं आळं मोकळं सोडलं. त्यालाही पाणी लागतंच की.

चार इंच जाडी धरली तर शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास काम. एकास दोन, चार या मापानं सिमेंटच्या 18 गोण्या, वाळू अर्ध्या ब्रासच्या आत आणि खडी ब्रासला थोडी कमी. वाळू म्हणजे क्रश सँडच. लाकडी पट्ट्या लावून चार भाग पाडले. तिरपे समोरासमोरचे दोन एका दिवशी, उरलेले दुसऱ्या दिवशी. एकसंध ओतलं की कोबा आपल्या मर्जीनं चिरतो.

मिस्त्रीशी माझं वाजलं ते पाण्यावरून. माल पातळ असला की पसरायला सोपा, म्हणून तो बादली उपडी करायला बघे. जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागं भोकं ठेवतं. गोणीमागं पंचवीस लिटर, त्याच्या पुढं थेंब नाही, असं सांगून मी मापाची बादली आपल्याकडं ठेवली.

संध्याकाळी तो घोटाई करायला बसला तशी ही बाहेर आली.

"अहो, आरशासारखं करू नका. पुन्हा पडू का मी?"

"काकू, असं खडबडीत ठेवलं तर लोक माझ्या कामाला हसतील," मिस्त्री म्हणाला.

ती काही बोलली नाही. नवा खराटा घेतला, फळीवर उभी राहिली आणि डाव्या हातानं ओल्या कोब्यावर हलकेच ओढत गेली. अर्धगोल रेघा, सारवताना उठतात तशाच. मिस्त्री थापी धरून नुसता बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच खराटा तिच्या हातात दिला.

खरा प्रश्न पुढंच होता. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन होतं. चौदा दिवस ते ओलं पाहिजे. इकडं विहीर उतरणीला आणि कांदा पाण्याला आलेला. पोरगा कुरकुरला, बरोबरच होतं त्याचं. मग कोब्यावर मातीच्या बारीक वरंब्यांचे वाफे केले, कांद्याला करतो तसेच. तीनशे चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे सातशे लिटर. एकदा भरलं की रोज नुसती भर घालायची. वर गोणपाट. कांद्याची पाळी चुकली नाही.

चैत्रात पहिला कांदा त्यावर निवडला. दुपारी पाय भाजतात, रात्री पाणी शिंपडल्याशिवाय खाट टाकता येत नाही, हे मातीच्या अंगणात नव्हतं. तुळशीपुढची दोन हात जागा तिनं मातीचीच ठेवायला लावली. सणावाराला तिथं डाव्या हातानं सारवते. बसायला पाट लागतो, आणि उठायला मी.