पदच्युतीचे व्याकरण

'पदच्युत' या शब्दात पद आहे, पडणे आहे. पाडणारा मात्र नाही. फळ देठापासून गळावे तसा अधिकारी पदापासून गळतो, असे तो सुचवितो. फारसीतून आलेला 'बडतर्फ' माणसाला नुसता बाजूला सारतो. बोलीतील 'उचलबांगडी' तेवढी प्रामाणिक आहे. तिच्यात उचलणारे हात दिसतात.

हे हात झाकण्याचे राजकारण वर्ध्याने 1938 च्या जुलैत अनुभवले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे तत्कालीन पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी 20 जुलैला राजीनामा दिला. महाकोशलातील तीन मंत्र्यांनी तो देण्याचे नाकारले, तेव्हा गव्हर्नरने त्यांना बडतर्फ केले आणि खऱ्यांना नवे मंत्रिमंडळ बनवू दिले. काँग्रेसच्या श्रेष्ठींनी खऱ्यांना वर्ध्यास पाचारण केले. 23 जुलैला त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. 27 जुलैला वर्ध्यातच रविशंकर शुक्ल यांची नेतेपदी निवड झाली. राजीनामा म्हणजे मुळात संमतिपत्र. गव्हर्नरच्या कृतीला बडतर्फी हे नाव मिळाले. पक्षाची कृती मात्र दूर होणाऱ्याच्याच सहीखाली लपली. मतदार दोन्ही वाक्यांत कर्ता नव्हता.

जपानी भाषेत सार्वजनिक पदावरून दूर करण्यास 'हिमेन' असा औपचारिक शब्द आहे. त्याच्या दोन चिन्हांपैकी एकात थांबविण्याचा, दुसऱ्यात मुक्त करण्याचा अर्थ आहे. शब्द म्हणून तोही 'पदच्युत'इतकाच सौम्य. परंतु 1947 मध्ये अमलात आलेल्या जपानी संविधानाच्या पंधराव्या कलमाने लोकसेवक निवडणे आणि त्यांचे हिमेन करणे हा जनतेचा अंगभूत हक्क मानला. शब्द तोच राहिला. त्याला कर्ता लाभला. अर्थात मंत्र्यांचे हिमेन करण्याचा अधिकार तेच संविधान पंतप्रधानास देते. म्हणजे कर्ता प्रत्येक वाक्यात नव्याने तपासावा लागतो.

हा प्रश्न वर्ध्यालगतच्या बोरगाव मेघेसारख्या गावालाही परका नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार सरपंचावरील अविश्वासाचा ठराव हा सदस्यांचा विषय होता. 2017 मध्ये सरपंचाची थेट निवड आली, तेव्हा अशा सरपंचावरील ठरावास ग्रामसभेच्या गुप्त मतदानाची जोड मिळाली. 2020 मध्ये थेट निवड गेली, 2022 मध्ये परतली. 'अविश्वास' हे भाववाचक नाम आहे; तो कोणाचा, हे नाम सांगत नाही. ते षष्ठीने सांगावे लागते, आणि ती षष्ठी कोणाला लागावी यावरच पाच वर्षांत कायदा दोनदा फिरला.