‘सेटल्ड’ लिहिण्याआधी

नर्सच्या कामापुरतं इंग्रजी मला मिरजेत असतानाच येत होतं. औषधांची नावं, रिपोर्ट, डॉक्टरांचा राउंड, सगळं इंग्रजीतच चालायचं. पेशंटशी बोलणं मात्र मराठीत, अधूनमधून कानडीत. “काय मावशी, रात्री डोळा लागला का?” एवढं विचारलं की मावशी सुनेपासून सुरू करून शुगरपर्यंत सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या. घाबरलेल्या माणसाला इंग्रजीतून धीर द्यायची वेळ कधी आलीच नव्हती. ती आली ओईटीच्या क्लासमध्ये.

ओईटी ही डॉक्टर, नर्स वगैरे मंडळींसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर ही किंवा हिच्यासारखी परीक्षा सहसा द्यावी लागते. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. हातात कार्ड येतं, वाचायला तीन मिनिटं मिळतात, आणि मग समोरचा माणूस पेशंट किंवा त्याचा नातेवाईक होऊन बोलायला लागतो. 2018 पासून उच्चार आणि व्याकरणाबरोबरच पेशंटशी नातं कसं जोडता, त्याची बाजू कशी समजून घेता, यालाही गुण असतात. त्यासाठी क्लासमध्ये एक वाक्य सगळ्यांचं पाठ असायचं: ‘आय अंडरस्टँड हाऊ यू फील.’ ते कुणाच्या तोंडून आलं की आमच्या बाई पेन खाली ठेवायच्या. “काय समजलं तुला? इन्सुलिन नको म्हणतायत ते. राग आलाय, लाज वाटतेय, की सुईची भीती आहे? ते बोल.”

बाईंनी भिंतीवर रॉबर्ट प्लुचिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं भावनांचं चक्र लावलं होतं. 1980 मधलं. आठ मूळ भावना, आठ पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळी मध्यापासून बाहेर फिकट होत जाणारी. मध्याशी ‘रेज’, मग ‘अँगर’, टोकाला ‘अनॉयन्स’. भीतीच्या पाकळीत ‘टेरर’, ‘फिअर’ आणि ‘ॲप्रिहेन्शन’. चक्र बघून पाठांतर होतं, पण बोलताना शब्द आठवत नाही. म्हणून मी प्रत्येक शब्दाला मिरजेतला एखादा पेशंट जोडला. ‘फ्रस्ट्रेटेड’ म्हणजे पक्षाघातानंतर शर्टाचं बटण लावायला धडपडणारे मास्तर. ‘ओव्हरव्हेल्म्ड’ म्हणजे आईला घरी न्यायला आलेली, हातात गोळ्यांची भलीमोठी यादी धरून दारातच उभी राहिलेली मुलगी. असे शब्द आजही ऐन वेळी दगा देत नाहीत. ‘बोअर्ड’ आणि ‘बोअरिंग’मधला फरक, ‘वरीड’पुढे ‘अबाउट’ आणि ‘फेड अप’पुढे ‘विथ’, ही घोकंपट्टी मात्र करावीच लागली. तिला दुसरी वाट नाही.

परीक्षा झाली आणि नॉटिंगहॅमशायरमधल्या एका हॉस्पिटलात, छातीच्या विकारांच्या वॉर्डमध्ये रुजू झाले. तिथे चक्रावरचे शब्द फारसे कुणी वापरेना. ‘ॲप्रिहेन्शन’ तर एकाही पेशंटच्या तोंडून ऐकलं नाही. कानावर यायचं ते ‘नॉट टू बॅड, डक’. त्या भागात अनोळखी माणसालाही प्रेमाने ‘डक’ म्हणतात. नाहीतर ‘मस्टन्ट ग्रम्बल’, म्हणजे कुरकूर करून कसं चालेल. जुन्या पिढीची माणसं तर दुखणं सांगतानाही ‘अ बिट’ लावतात. ‘अ बिट सोअर’ म्हणणाऱ्याला उठून बसता येत नसतं. आणि ‘अ बिट वरीड’ म्हणणाऱ्याची रात्रभर झोप उडालेली असते. चक्रात मोठ्या भावनेला मोठा शब्द आहे. इथे भावना जितकी मोठी तितका आवाज खाली आणि शब्द लहान. माझ्या मते हे ओळखायला येणं हाच खरा शब्दसंग्रह, आणि तो कुठल्याही यादीत मिळत नाही.

तिथलेच काही शब्दही शिकले. रुसून, फुगून बसलेल्याला ‘मार्डी’ म्हणतात. एखाद्याला घरी सोडायचं ठरून पुन्हा रद्द झालं की तो ‘गटेड’, आणि नातीला शाळेत बक्षीस मिळालं की आजी ‘चफ्ड’. हे शब्द पेशंटसोबत हसताना वापरायचे, केसपेपरवर लिहायचे नाहीत. तिथले शब्द वेगळे: ‘टिअरफुल’, ‘लो इन मूड’, ‘विथड्रॉन’, ‘ॲजिटेटेड’. यातला शेवटचा शब्द फार जपून लिहावा असं मला वाटतं. भ्रम झालेल्या म्हाताऱ्या माणसापुढे एकदा ‘ॲजिटेटेड’ लागलं की पुढची पाळी त्याच्याकडे त्याच नजरेने बघते. त्यापेक्षा सलाइनची नळी ओढतायत, बायकोला हाका मारतायत, असं जे दिसलं ते लिहावं. मग कुणीतरी बायकोला फोन लावतं.

रात्रपाळीला सगळ्यात जास्त लिहिला जाणारा शब्द ‘सेटल्ड’. म्हणजे रात्र शांत गेली. ऐंशी ओलांडलेले एक आजोबा होते, फुप्फुसांचा जुना आजार, नाकाला ऑक्सिजन. न्यूज-2 नावाचा तक्ता आम्ही भरतो, त्यात श्वास, ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांचे गुण मांडतात. आजोबांचे आकडे रोजच्यासारखेच होते. विचारलं की ‘फाइन, डक’. पण मध्यरात्र उलटून गेल्यावरही ते पलंगावर ताठ बसलेले, दोन्ही हात पुढच्या टेबलावर टेकवून, नजर दाराकडे. चहा तसाच, वर साय धरलेली. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, ‘यू सीम वरीड.’ ‘सीम’ मी मुद्दाम घातला. तुम्ही काळजीत आहात असं ठासून सांगितलं तर माणूस मिटतो. तसं दिसतंय म्हटलं तर ‘नाही’ म्हणायची वाट त्याला मोकळी राहते. ते ‘नो, नो’ म्हणालेच. मी उठले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, ‘अ बिट फ्राइटंड टू गो टू स्लीप, टू बी ऑनेस्ट.’ झोपेत श्वास थांबला तर कुणाला कळणार, ही भीती. घरीही ते कित्येक रात्री असेच बसून काढत होते, आणि हे त्यांनी मुलीलाही सांगितलं नव्हतं.

मग ते बोलत राहिले. मी ऑक्सिजनची नळी नीट केली, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली, बेल हाताशी ठेवली आणि पडदा अर्धा उघडा ठेवला, म्हणजे आमचं टेबल त्यांना दिसेल. पहाटे जरा डोळा लागला. केसपेपरवर मी ‘सेटल्ड’ लिहिलं नाही. झोपायची भीती वाटते असं ते म्हणाले, हे त्यांच्याच शब्दांत लिहिलं आणि सकाळी पाळी बदलताना तोंडीही सांगितलं. राउंडला डॉक्टरांनी ते वाचलं आणि पहिल्यांदा त्यांच्याशी श्वासाबद्दल नाही, रात्रीबद्दल बोलल्या. श्वसनविकाराच्या खास नर्सने दम लागल्यावर पुढे वाकून कसं बसायचं, ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू कसा सोडायचा, ते करवून घेतलं.

आता केरळच्या, पंजाबच्या, आपल्या नागपूर-सोलापूरच्या नव्या मुली येतात. त्यांना मी एक छोटी वही ठेवायला सांगते. तिच्यात शब्द नकोत, पेशंटची अख्खी वाक्यं हवीत, जशी ऐकली तशी. परवा त्यांतली एकजण वही घेऊन आली. “खिडकीजवळच्या बाई ‘ऑल राइट, आय सपोज’ म्हणाल्या, मग मी पुढच्या पलंगाकडे गेले,” ती म्हणाली. मी तिला म्हटलं, “बाळ, ‘आय सपोज’ आलं म्हणजे त्यांचं सांगून झालेलं नाही. जा परत, बस जरा.” ती गेली. बाईंचा कुत्रा घरी एकटा होता, ॲम्ब्युलन्स आली तेव्हा दार ओढून घेतलं होतं आणि किल्ली शेजारणीकडे होती. शेजारणीचा नंबर बाईंना तोंडपाठ होता. फोन त्या मुलीनेच लावला.