चाल सांभाळणारे पाच जण

बारामती-इंदापूरकडची लग्नसराई ऐन उन्हाळ्यातली. वरातीत सॅक्सोफोन गळ्यात अडकवला की पहिली काळजी रीडची. बोरूसारख्या गवताची ती पातळ पट्टी ओली असेपर्यंतच नीट बोलते. दोन गाण्यांच्या मधेही मी माउथपीस ओठांतून काढत नाही. एप्रिलच्या झळेत रीड सुकते, टोकाला वाकते आणि सूर फाटतो.

डीजेच्या भिंतीपुढे हे वाद्य नुसतं ओरडत राहतं. म्हणून घरी रियाजाआधी मी कॅननबॉल ॲडर्ली क्विंटेटचा ‘मर्सी, मर्सी, मर्सी!’ हा जॅझ अल्बम लावतो. 1966 चं ध्वनिमुद्रण. आल्टो सॅक्सवर कॅननबॉल, कॉर्नेटवर धाकटा भाऊ नॅट, पियानोवर जो झाविनुल, बासवर व्हिक्टर गॅस्किन, ड्रम्सवर रॉय मॅककर्डी. मुखपृष्ठावर क्लबचं नाव असलं तरी वाजवलं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत, बोलावलेल्या श्रोत्यांपुढे. त्यांच्या आरोळ्या ऐकल्या की आपणही उठून उभं राहावंसं वाटतं.

शीर्षकाची चाल झाविनुलची, चर्चमधल्या सामूहिक गाण्याच्या बाजाची. सूर काळी पाचचा. आल्टोवर बोटं ‘जी’ची पडतात. बोटांना अवघड असं त्यात काही नाही. सॅक्स आणि कॉर्नेट मिळून चाल म्हणतात, आणि म्होरक्या असूनही कॅननबॉल तिथे स्वतःचा सोलो घेत नाही. एवढ्या तयारीच्या माणसानं चालीपाशी थांबणं, हे मला त्याच्या कुठल्याही द्रुत तानेपेक्षा मोठं वाटतं. कस लागतो तो ओळीच्या शेवटी: दोघांनी सूर एकाच क्षणी सोडायचा. तुकोबांची पालखी सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा दिंड्यांकडे कान द्या. अभंग सगळेच एकत्र उचलतात; मुरलेली दिंडी कळते ती चरण संपवताना.

आपल्याकडे हा संयम मनोहारी सिंगांचा. ‘गाइड’मधल्या ‘गाता रहे मेरा दिल’मध्ये त्यांचा सॅक्स गायकाच्या शब्दावर कधी चढत नाही, आणि तरी गाणं आठवलं की आधी तोच आठवतो.

बँडमधल्या पोरांनी पुढच्या हंगामाआधी ‘मर्सी’ची चाल दोघादोघांनी, ताशाशिवाय, एकही मुरकी न घालता बसवावी. आणि लग्नघरच्या मंडळींना विनंती: नवरानवरी मांडवात येताना पाच मिनिटं डीजे बंद ठेवा, आम्हाला चाल वाजवू द्या.