कमी बोलणाऱ्यांना वरची जागा

ब्राउझर उघडल्यावर समोर येणारं पान बहुतेकांनी कधी निवडलेलंच नसतं. ते फोनबरोबर किंवा लॅपटॉपबरोबर आलेलं असतं आणि मग तसंच राहतं. माझं पान मी स्वतः रचलं आहे. डावीकडे तिथी आणि कोकणातल्या गावचं हवामान, मध्ये ताजं काही, उजवीकडे सवडीने वाचायचं. शोधायची चौकट मुद्दाम तळाशी आहे, कारण ती वर असली की मनात काही यायच्या आधीच बोटं तिथे जातात. देखणं म्हणावं असं त्यात काही नाही. पण सकाळच्या चहाबरोबर ते उघडलं की कुणी आपल्याला काही विकायला बसलेलं नाही, हे लगेच जाणवतं.

ही हौस तशी जुनी. माय याहू 1996 सालचं. मार्च 1999 मध्ये नेटस्केपने आपल्या माय नेटस्केप या पानासाठी आरएसएस नावाचा साचा काढला. (आपल्याकडे हे नाव घेतलं की गप्पा भलतीकडे जातात, म्हणून मी नुसतं फीड म्हणतो.) प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या मथळ्यांची यादी त्या साच्यात मांडून ठेवायची, आणि ज्याला हवी त्याने ती उचलायची, एवढीच कल्पना. नेटस्केपचा त्यातला रस लवकरच संपला. बाकीच्यांनी तो साचा सांभाळला आणि त्यावरून कडाकडा भांडलेही. 2005 साली गूगल रीडर आलं, नंतर ज्याला आयगूगल म्हणू लागले ते पानही त्याच वर्षीचं, आणि पॅरिसचं नेटवाइब्जसुद्धा. 1 जुलै 2013 ला रीडर बंद झालं, नोव्हेंबरात आयगूगल. लोक हळहळले आणि दुसरीकडे गेले. फीड मात्र टिकली. आजही पॉडकास्ट ऐकणाऱ्यापर्यंत नवा भाग बहुधा तीच पोचवते, फक्त ऐकणाऱ्याला तिचं नाव ठाऊक नसतं.

माझ्या घरी पुस्तकांच्या कपाटावर रास्पबेरी पाय नावाचा एक इवलासा संगणक ठेवला आहे. त्यातला छोटासा प्रोग्राम पहाटे वासुदेवासारखा दारोदार फिरून येतो. त्याची विचारायची रीत मला फार आवडते. मागच्या खेपेला त्या दाराने दिलेली खूण तो दाखवतो आणि विचारतो, यानंतर काही बदललं का? बदललं नसेल तर उत्तर येतं फक्त 304. मजकूर नाही, चित्रं नाहीत, जाहिरात तर नाहीच. सांगण्यासारखं काही नसताना गप्प राहण्याचा हा संस्कार इंटरनेटच्या पायातच घातलेला आहे, आणि वरचे मजले बांधणाऱ्यांनी तो किती बेमालूम विसरून टाकला!

मराठी मजकूर आणायला लागलं की या कामात खरी गंमत येते. एके काळी आपल्या वृत्तपत्रांची संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या फॉन्टात असत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा सडा. युनिकोड रुजल्यावर कुठे मराठी मथळे एका रांगेत बसू लागले. तरीही लांब मथळा छाटायला प्रोग्रामला सांगितलं की तो इंग्रजीच्या हिशोबाने खुणा मोजतो, आणि ‘महाराष्ट्र’चं ‘महाराष्ट्’ होऊन शेवटचा पाय लटकत राहतो. त्याला शब्द संपेल तिथेच थांबायला शिकवावं लागतं. वेळेचीही अशीच तऱ्हा. ग्रिनिचला मध्यरात्र होते तेव्हा आपले पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. काही संकेतस्थळं घड्याळ इथलं लावतात आणि शिक्का ग्रिनिचचा मारतात. मग त्यांची बातमी साडेपाच तास भविष्यातली ठरते आणि यादीच्या माथ्यावर ठाण मांडून बसते. भविष्यातलं काहीही दाखवायचं नाही, असा नियमच मी घातला आहे.

पण सगळ्यात जास्त विचार करावा लागला तो क्रमाचा. नुसत्या वेळेप्रमाणे लावलं की दिवसाला शंभर मथळे सोडणारं वृत्तपत्र सगळं पान व्यापतं, आणि वर्षातून दोनदा पक्ष्यांवर लिहिणारे निवृत्त मास्तर त्याच्याखाली गाडले जातात. मोठ्या कंपन्या याला उपाय म्हणून तुम्ही कशावर बोट ठेवाल याचा अंदाज बांधतात. माझा उपाय साधा आहे: जो जितका क्वचित लिहितो, तितकी त्याला वरची जागा. दोन ओळींत मावणारं गणित, पण त्याने पानाचा स्वभावच पालटला. मास्तरांचा नीलपंख एकदम पहिल्या ओळीत येऊन बसला, आणि राजकारण्यांची उणीदुणी गेली पाच बोटं खाली.

या नियमाला एक टोक आहे. काही फीड वर्षानुवर्षं मुक्या आहेत. कुणाला संसाराने गाठलं असेल, कुणी लिहायला कंटाळलं असेल, एकजण तर गेल्याचंच कळलं. त्यांच्यासाठी तळाशी वेगळा कप्पा आहे. प्रोग्राम रोज त्यांच्याही दाराशी जातो, 304 घेऊन येतो. वीज कितीशी लागते त्याला!

मागच्या महिन्यात भाचीने माझी यादी मागितली. अशा यादीची ओपीएमएल नावाची एक साधी मजकुराची फाइल असते. ती एका प्रोग्राममधून काढून दुसऱ्यात टाकता येते. मी पाठवली. चार दिवसांनी तिचा फोन आला.

‘‘मामा, तुझी निम्मी वृत्तपत्रं उडवली मी. क्रिकेट घातलं, कोरियन मालिका घातल्या. पण तुझे ते मास्तर ठेवलेत.’’

‘‘आणि खालचा कप्पा?’’

‘‘तो कशाला? त्यात कधी काही येतच नाही.’’

‘‘बरं,’’ मी म्हटलं. पान तिचं होतं.