लग्नपत्रिकेचं पॅकिंग

अंगणातल्या फरशीवर तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला तेव्हा मी काणाडोळा केला. पंधरा दिवसांत तो भाकरीएवढा झाला. बाजेवर बसलेले अण्णा म्हणाले, "तुझी गाडी मुतायला लागली रं." गाडी खरं तर त्यांची, 1999ची स्प्लेंडर. पण बिघडली की ती माझी होते.

शिक्रापुरात गॅरेजांना तोटा नाही. पाबळ चौकात उभं राहिलं किंवा चाकण चौकात, दगड मारला तर मेकॅनिकच्या टपरीवर पडेल. नव्याकोऱ्या गाड्यांनी ठासून भरलेले कंटेनर चाकणकडून येऊन नगर रस्त्याला लागतात आणि त्यांच्याच धुळीत या टपऱ्या जुन्या गाड्या जगवत बसलेल्या असतात. तरी मी घरीच हात घालायचं ठरवलं. "तासाभराचं काम," असं अण्णा म्हणाले म्हणून. दोन दिवस गेले.

दुकानात ज्याला गॅस्केट म्हणतात त्याला गॅरेजात पॅकिंग म्हणतात. गळत होतं क्लच कव्हरचं. बोल्ट सोडवून तेल पातेल्यात उतरवलं, फूटरेस्ट काढलं, किक काढली, क्लचची केबल सोडली. कव्हरचे बोल्ट सगळे आठ नंबरचे, पण लांबीला सारखे नाहीत. म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या भोकातला बोल्ट त्या जागी खोचून ठेवला. लाकडाच्या ठोकळ्याने दोन हलके टोले दिले आणि कव्हर सुटलं.

आत क्लचशेजारी वाटीएवढं एक गोल झाकण असतं. तेल गाळायची सोय तिथे. गाळणीचा कागद वगैरे काही नाही. वाटी गरागरा फिरते, जड मळ कडेला फेकला जातो आणि तिथेच चिकटतो. डेअरीतलं मलई काढायचं मशीन याच तत्त्वावर चालतं. बोट फिरवलं तर राखाडी लोण्यासारखा गाळ निघाला, चिमटीत चोळला तर किंचित कचकचला. अण्णांची कितीतरी वर्षं त्या वाटीत होती: न्हावऱ्याचा रस्ता, बाजार, साखरपुडे, दहावे.

मग जुनं पॅकिंग सोलायला बसलो. खरं काम हेच. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं की संपलं, कारण अ‍ॅल्युमिनियम मऊ, ओरखडा पडतो आणि ओरखड्यातून तेल वाट काढतं. दाढीचं ब्लेड आडवं धरायचं, बनियनच्या बोळ्याने पेट्रोल लावायचं, थांबायचं, पुन्हा सोलायचं. कागद नेहमीपेक्षा जाड वाटला. कडेला लालसर झाक. तेल पिऊन पारदर्शक झालेला एक लांबोळा तुकडा अखंड निघाला, उन्हात धरला तर त्यावर छापील अक्षरं: 'आमचे येथे श्री', आणि पुढे जिथे कृपा असायची तिथे बोल्टचं भोक.

"अण्णा, हे तुम्ही केलं?"

"मग काय करतो? दुकानं बंद. सकाळी मांडवगणला लग्नाला जायचं होतं."

"कुणाच्या?"

"त्याच पत्रिकेच्या."

मुहूर्त छापलेला भाग त्यांनी कापून इंजिनात बसवला होता. पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. "पण जेवण चुकलं न्हाय," म्हणाले.

कापलं कसं, ते त्यांनी करून दाखवलं. पत्रिका कव्हरवर ठेवायची आणि गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टकटक ठोकत जायचं. धातूची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकावर सायकलचा छर्रा ठेवून एक टोला द्यायचा, नेमकं गोल पडतं. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983मध्ये विज्ञान आश्रम काढला तो हाताने करत करत शिकावं म्हणून. अण्णा तिकडे कधी फिरकले नाहीत. त्यांना गरजेने शिकवलं. अर्थात हे क्लच कव्हरला चालतं. हेडला पत्रिका लावली तर ती पहिल्या किकलाच जळेल. तिथे ज्वाला दोन हजार अंशांच्या वर जाते आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांवर भडका सेकंदाला तेहतीस वेळा उडतो.

आरशासारखे घासलेले दोन धातू एकमेकांवर ठेवले तरी मध्ये फटी राहतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. धातू आपला आकार सोडत नाही; कागद दबतो, म्हणून फट बुजते. हे मला कळलं होतं, हाताला कळलं नव्हतं. नवं पॅकिंग बसवलं, दोन्ही डॉवेल जागेवर आहेत ना पाहिलं, बोल्ट लावले आणि गळायला नको म्हणून लांब दांड्याच्या पान्याने आवळले. असे बोल्ट साधारण दहा न्यूटन-मीटरवर थांबतात, म्हणजे मनगटाच्या जोरावर. मी खांदा लावला. कट्ट झालं. पाना हलका फिरायला लागला. आटे गेले होते, आणि पॅकिंग कडेने जिभेसारखं बाहेर आलं होतं.

अण्णा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी लेथवाल्याकडून आटे पाडून आणले, दुसरं पॅकिंग आणलं. या वेळी पाना अण्णांनी घेतला. अंगठा आणि दोन बोटं, बस. हा बोल्ट थोडा, मग समोरचा थोडा, पुन्हा हा. भाकरी थापताना आई पीठ कडेला सरकवायची तसं, एका जागी दाबून नाही. त्यांचा हात थरथरतो हल्ली. पाना धरल्यावर थरथरत नव्हता.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी कोरडं.

यंदाच्या लग्नसराईत घरी सात पत्रिका आल्या. हल्लीच्या झुळझुळीत, चकाकत्या. वराकडची का वधूकडची, लग्न कुठं, हे अण्णा नंतर विचारतात. आधी कोपरा चिमटीत धरून जाडी चाचपतात. सातांतल्या दोन त्यांनी टूलबॉक्सजवळ नेऊन ठेवल्यात.