घाटाखालचं कॅबिनेट

खामगावात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा कॉम्प्युटरचं कॅबिनेट निवडणं ही नुसती हौस राहत नाही. पंखे कितीही लावा, ते खोलीतलीच हवा आत ओढणार. त्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड होणं शक्यच नाही. घाटावर, बुलढाण्यात, हाच कॉम्प्युटर जरा सुखात राहिला असता.

टेबल लहान, म्हणून मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड घ्यायचं ठरवलंय. १७० बाय १७० मिलिमीटर, बस्स. समोर काच आणि रंगीत दिवे असलेली कॅबिनेटं मला पटत नाहीत. जिथून हवा आत यायची तिथंच भिंत. मन कूलर मास्टरच्या एनआर२०० वर बसलंय. १८.२५ लिटरचं, दोन्ही बाजूंना झरोके, आणि प्रोसेसरचा १५५ मिलिमीटर उंचीचा कूलर आत मावतो. एवढ्याशा डब्यात ही मोठी सोय.

पण आमच्याकडे उन्हाइतकीच धूळ छळते. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू हवेत असतात. फिल्टरवर त्यांचा करडा, मऊ थर बसतो. नखानं उचलला की अखंड पापुद्रा निघतो. तोच थर हीटसिंकच्या पात्यांत बसला तर भारीतला पंखाही नुसता घरघरतो. म्हणून आत हवा घेणारे पंखे जोरात आणि बाहेर फेकणारे हळू ठेवायचे. मग फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत शिरत नाही.

कॅबिनेट घ्यायला गेलात तर आधी फिल्टर काढून बघा. स्क्रूड्रायव्हरशिवाय निघत नसेल, तर घेऊ नका.