एकच वही

गेल्या तू बिश्वातच्या सुमारास येथे बीरशेव्यात आमच्या मंडळाने तीन कामे एकदम अंगावर घेतली: एलियाहू हन्नाबीचा मलिदा, मुलांचा मराठी वर्ग आणि आजाऱ्यांची विचारपूस. कामे तीन, वह्याही तीन; राबणाऱ्या मात्र आम्ही त्याच चौघी. पोहे भिजले, नारळ खवले, वर्गही भरला. पण रुग्णालयातील आमची एक वृद्ध भगिनी दिवसभर दाराकडे पाहत राहिली. प्रत्येकीला वाटले, दुसरी गेली असेल. वॉर्डात पाळी बदलताना आम्ही परिचारिका एकेक खाट नावानिशी सोपवीत असू. मंडळात तेच विसरलो!

आता वही एकच. कामापुढे नाव नसेल, तर ते काम घेत नाही. शुक्रवार सकाळच्या विचारपुशीपुढची जागा अजून रिकामी आहे. वाचक भगिनींनो, कोणी येता का?